सपाटीवर पुढे, घाटात मागे

पत्र थोडक्यात

जुळे सोलापुरात राहणाऱ्या ४४ वर्षांच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गिअरची हायब्रिड सायकल घेतली. नऊ जणांचा गट आहे, त्यात बायका दोनच. आठवड्यात रोज सकाळी विजापूर रोडला वीस-पंचवीस किलोमीटर आणि रविवारी तुळजापूर, असा नेम. त्या लिहितात: "सपाटीवर मी सगळ्यांच्या पुढे असते. घाट लागला की एकेक जण मला मागे टाकतो. वर पोचते तेव्हा सगळे मोबाईल बघत उभे असतात. 'आल्या मॅडम, चला' म्हणून लगेच निघतात. कुणी टोमणा मारत नाही, पण मलाच कानकोंडं होतं. घाटाला पूर्वी २४ मिनिटं लागायची, आता १९ लागतात. पण गेले आठ महिने १९ वरच अडकले आहे, आणि दर रविवारी मी जीव तोडून चढवते. पुढची छोटी चकती मी वापरत नाही. ती लहान पोरांची, असं गटात म्हणतात. वजन ६२ आहे. ते उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद केलंय आणि सकाळी उपाशीपोटीच निघते. डिसेंबरात गट वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला जाणार आहे. दिवाळीत माझी भिशी लागेल. मिस्टर म्हणतात, दीड लाखाची कार्बन सायकल घेऊन टाक. गटातले एक काका म्हणतात, जिम लाव. ताई, आपलं सोलापूर तव्यासारखं सपाट. इथे राहून चढाची ताकद येणार कशी? आणि या वयात येते का? की पसरणीला नाहीच म्हणून सांगू?"

उत्तर

नमस्कार बाई. शिक्षिका आहात म्हणून हक्काने बाई म्हणते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडकले, आणि ते वाक्य घाटाबद्दलचं नाहीच. "सपाटीवर मी सगळ्यांच्या पुढे असते." कशासाठी असता?

सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर. हिप्परग्याचा तलाव मागे पडला की रस्ता मोकळा होतो, आणि तिथून पायथ्यापर्यंत तुम्ही सगळ्यांच्या पुढे राहून वारा अंगावर घेता. सायकलला सपाटीवर जो जोर लागतो, त्यातला मोठा भाग हवा बाजूला सारण्यातच जातो. पुढच्याच्या मागच्या चाकाला धरून चालवणाऱ्याचा सुमारे पाव हिस्सा जोर वाचतो, गट मोठा असेल तर आणखी जास्त. म्हणजे पायथ्याशी पोचता तेव्हा तुम्ही दीड तास राबून आलेल्या असता, आणि तुमचे आठ सोबती तुमच्या आडोशाला बसून आलेले असतात. नंतर घाटात ते पुढे जातात आणि तुम्हाला वाटतं, आपल्या पायातच काहीतरी कमी आहे.

असं का करता, याचा अंदाज मला आहे, कारण मीही केलंय. घाटात मागे पडणार हे आधीच ठाऊक असतं. मग त्याची भरपाई आधीच सपाटीवर करून ठेवायची. पण तीच भरपाई घाटात महाग पडते. येत्या दोन रविवारी एवढंच करून बघा: पायथ्यापर्यंत एकदाही पुढे जायचं नाही. पाचव्या-सहाव्या नंबरवर राहायचं, पाणी प्यायचं, एक केळं खायचं. बाकी काहीही बदलू नका. १९ चा आकडा तेवढ्यानेच हलला नाही तर मला जरूर रागवा.

आता ती लहान पोरांची चकती. तुम्ही सगळे दात मोजून पाठवलेत, पुढे ४८-३८-२८ आणि मागची सगळ्यात मोठी ३२, हे मास्तरीणच करू जाणे. त्यामुळे हिशोब सोपा झाला. पुढे मधली ३८ आणि मागे ३२ लावली की पॅडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या थोडं वर जाते. छोट्या २८ वर ती जाते पावणेदोन-दोन मीटरच्या मध्ये. घाटातल्या उभ्या वळणावर वेग ताशी ८ किलोमीटरवर आला, की मधल्या चकतीवर तुमचे पाय मिनिटाला ५२ च्या आसपास फिरतात, छोटीवर ७०. बावन्नला प्रत्येक फेरी म्हणजे जड पेटी उचलण्यासारखी. मांड्या भरून येतात, कंबर धरते, गुडघे कुरकुरतात. सत्तरला तोच जोर छोट्या छोट्या घासांत वाटला जातो. मांड्यांचं ओझं थोडं छाती-फुप्फुसांकडे जातं, आणि ती मांड्यांपेक्षा उशिरा थकतात.

गंमत पुढे आहे. ज्या कार्बनच्या रेसर सायकलवर तुमचा डोळा आहे, तिच्यावर पुढे बहुतेक वेळा ५० आणि ३४ अशा दोनच चकत्या असतात. मागची मोठी २८ ची असेल, तर तिचा सगळ्यात हलका गिअर तुमच्या आत्ताच्या मधल्या गिअरएवढाच. मागे ३४ ची बसवून घेतली तरी तुमच्या छोटीपेक्षा ती जडच राहते. म्हणजे दीड लाख मोजून तुम्ही अशी सायकल घरी आणाल, जिच्यात तुम्हाला घाटात हवा असलेला गिअरच नाही. हसणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. चकती पायथ्याच्या दोनशे मीटर आधीच बदलून घ्या. चढ लागल्यावर दाब देत बदलायला गेलात की चेन कडकड करते आणि कधी कधी उतरते.

हलक्या सायकलीचा फायदा अजिबात नाही असं म्हणत नाही, मोजून सांगते. तुम्ही, सायकल, पाणी, पंप, ट्यूब मिळून ७६ किलो धरू. सायकल तीन किलोने हलकी झाली तर चढावरचा वेळ सुमारे पावणेचार टक्क्यांनी कमी होईल. वाई ते पाचगणी हा पसरणीचा टप्पा साधारण १२ किलोमीटरचा, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी पाच टक्के. ताशी १० च्या वेगाने तुम्हाला सव्वा तास लागेल. त्यातली अडीच-पावणेतीन मिनिटं वाचतील. भिशी तुमची, निर्णय तुमचा. सायकल आवडली म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, त्यात चूक काही नाही. पण गटाबरोबर राहता यावं म्हणून घेत असाल, तर पावणेतीन मिनिटांत ते होणार नाही. त्याआधी आत्ताच्या सायकलीचं एकदा नीट सर्व्हिसिंग करा, खाचांचे जाड टायर असतील तर गुळगुळीत बसवा, हवा दर आठवड्याला तपासा. आणि सीटची उंची बघा. आपल्याकडे बऱ्याच सायकलींची सीट खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत असं वाटतं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहत असेल तर सीट थोडी थोडी करून वर घ्या.

पसरणीचा विषय निघालाच आहे तर मुख्य गोष्ट सांगते. तुम्ही तुळजापूरच्या १९ मिनिटांवरून पसरणीची भीती बाळगली आहे. दोन घाटांची जात वेगळी. १९ मिनिटं दात-ओठ खाऊन काढता येतात. सव्वा तास कुणालाच तसा काढता येत नाही, तुमच्या गटातल्या पहिलवानांनाही नाही. तिथे दम धरून, एका लयीत, न थांबता चालवणारा माणूस वर जातो. तुळजापुरात तुमच्यापुढे जाणाऱ्यांपैकी दोन-तीन जण पसरणीच्या सातव्या-आठव्या किलोमीटरला कठड्यावर बसलेले दिसले तर आश्चर्य मानू नका.

आणि सव्वा तास एका लयीत जोर लावण्याचा सराव करायला घाट लागतच नाही. सोलापूर सपाट आहे खरं, पण आपल्याकडे वारा आहे की. हाच हिशोब पुन्हा मांडते. पसरणीवर ताशी १० ने चढायला तुमच्या पायांना जेवढा जोर लागेल, अंदाजे सव्वाशे वॅट, तेवढ्याच जोरात वारा नसताना सपाटीवर तुम्ही चोवीस-पंचवीसने जाल. समोरून ताशी १५ चा वारा असेल तर सोळा-सतराने. पायांना घाट आणि वारा यातला फरक फारसा कळत नाही. घाटाचं एक वैशिष्ट्य मात्र वारा उचलतो: तिथे पाय थांबवून सायकल सोडून देता येत नाही. पॅडल थांबलं की सायकल थांबायला लागते.

आत्ता आषाढ संपतोय, वारा पश्चिमेकडून येतोय, पंढरपूरकडची गर्दीही ओसरली आहे. तेव्हा सकाळी निघून मंगळवेढा रोडला किंवा बाळे-केगाव ओलांडून सावळेश्वरच्या टोलनाक्याकडे तोंड करा. जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर. दमल्यावर घरी ढकलत आणणारा वारा मिळणं ही केवढी सोय! दिवाळीनंतर वारा फिरतो, पूर्वेकडून यायला लागतो, तेव्हा अक्कलकोट किंवा नळदुर्गच्या रस्त्याला जा. तुमच्या नेहमीच्या विजापूर रोडला दोन्ही हंगामांत वारा बहुतेक आडवा लागतो. कदाचित म्हणूनच हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

आता वेळापत्रक. तुमचं आत्ताचं वेळापत्रक म्हणजे सहा दिवस मध्यम जोर आणि सातव्या दिवशी जीव तोडून. बाई, तुम्ही वर्गात दर आठवड्याला वार्षिक परीक्षा घेता का? आणि मधल्या दिवसांत शिकवतच नाही, असं करता का? रविवारची १९ मिनिटं म्हणजे परीक्षा आहे. पेपर परत परत लिहून मार्क वाढत नाहीत. ते आठ महिने तिथेच अडकलेत त्याचं कारण वय नाही, हे आहे.

सातऐवजी चार-पाचच दिवस चालवा. त्यातले दोन कष्टाचे ठेवा, बाकीचे इतके हळू की शेजारच्याशी घरच्या गोष्टी सलग बोलता आल्या पाहिजेत. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, एवढीच खूण. हा हळूपणा गटाला आणि तुम्हालाही सुरुवातीला पटणार नाही. पण हृदय, रक्तवाहिन्या, स्नायूंमधली चरबी जाळण्याची यंत्रणा, हे सगळं याच वेगात बांधलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहतात ते वेगळंच.

कष्टाच्या दोन दिवसांपैकी एक वाऱ्याचा. पंधरा मिनिटं वाऱ्याविरुद्ध एका लयीत, असा जोर की तीन-चार शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत. मग पाच मिनिटं सैल, पुन्हा पंधरा. दर दोन आठवड्यांनी यात थोडी भर घाला. नोव्हेंबर संपेपर्यंत तीस-तीस मिनिटांचे दोन तुकडे सहज जमले, तर पसरणीची काळजी सोडा. तुकड्याचा शेवट सुरुवातीएवढ्याच वेगात व्हायला हवा. शेवटी कोलमडत असाल तर सुरुवात चुकली. दुसरा कष्टाचा दिवस छोटा: चार मिनिटं जोरात, चार मिनिटं सैल, असं चार वेळा. इथे धाप लागलीच पाहिजे. हे रहदारीत करू नका, रस्ता रिकामा असतानाच करा. दर चौथ्या आठवड्यात सगळंच निम्मं करा. शाळेत परीक्षेचे पेपर तपासायचे असतील तो आठवडा यासाठी धरा, म्हणजे मनाला लागणार नाही.

तुळजापूर एक रविवार आड. आणि गेलात की एकदा जीव तोडून चढण्याऐवजी दोनदा चढा, दोन्ही वेळा २२ मिनिटांत. दुसरी चढण पहिलीच्या अर्ध्या मिनिटाच्या आत बसली पाहिजे. हे दिसतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण पहिल्या चढणीच्या पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला अगदी मूर्ख वाटेल इतकं हळू जावं लागतं. सगळे पुढे निघून जातील. जाऊ देत. महिन्यातून एकदाच घड्याळ लावून पूर्ण ताकदीने चढा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा.

ही हळू सुरुवात मी कुठे शिकले ते सांगते. बरीच वर्षं झाली. कोजागरीच्या वेळी, सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता फुललेला असताना, मी शहाणी उपाशीपोटी सायकलवर निघाले. पायथ्यापासून असा काही जोर मारला की तिसऱ्या वळणाच्या आतच डोळ्यापुढे काजवे चमकले, हात थरथरायला लागले. सायकल टाकून कडेला बसले. मागून नऊवारीतली एक आजी आली, अनवाणी, डोक्यावर बोचकं. सोलापुरातून आदल्या दिवशी निघालेली. थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "कशाला पळतीस गं एवढं, आई काय कुठं जातीय का?" कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून हातावर ठेवला आणि होती त्याच चालीने निघून गेली. मला उभं राहायला पंधरा मिनिटं लागली. माथ्यावर ती माझ्या आधी पोचली. (त्या दिवसांत सायकल घेऊन त्या रस्त्याला जाऊ नका. रस्ता चालणाऱ्यांचा असतो.)

यावरून तुमच्या उपाशीपोटी निघण्याकडे येते. इथे जरा कडक बोलणार आहे. रात्रीचं जेवण बंद, सकाळी रिकामं पोट, आणि वर ९० किलोमीटर. यात चरबीबरोबर स्नायूही जातात, झोप बिघडते, आणि घाटात लागणारा जोर तर येतच नाही. जोरात चढताना शरीर मुख्यतः साखर जाळतं, आणि स्नायूंतला साठा मोजकाच असतो. रात्री जेवा. ज्वारीची भाकरी, डाळ किंवा अंडी, भाजी, दही. भात घेतलात तरी आकाश कोसळत नाही. निघण्याआधी एखादं केळं किंवा दोन खजूर. राइड दीड तासाच्या वर असेल तर दर पाऊण तासाला काहीतरी गोड: केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. पाण्याच्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर. दोन-तीन किलो उतरवायचेच असतील तर हळूहळू, रोजच्या ताटातून थोडं कमी करून, आणि कष्टाच्या दिवशी अजिबात कमी न करता. एक लक्षात घ्या: अंगावरून तीन किलो उतरले काय आणि सायकलवरून उतरले काय, घाटात फायदा तेवढाच, पावणेतीन मिनिटं. त्यासाठी उपाशी राहणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

कार्बन सायकलच्या आधी एक काम करा: रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून जास्त! आपण सायकल चालवतो म्हणून त्यातून सुटलो असं नसतं. उलट पाळी जास्त जात असेल, जेवण कमी असेल, तर धोका वाढतो. चाळिशीत पाळीचं चक्र बदलायला लागतं, तेव्हा तर हे बघायलाच हवं. स्नायूंना प्राणवायू पोचवण्याचं काम हिमोग्लोबिनचं. ते १२ च्या खाली असेल तर सपाटीवर कदाचित जाणवणार नाही, घाटात मात्र छाती भात्यासारखी चालते आणि पाय रिकामे वाटतात. तुमचं वर्णन वाचून हे मनात आलं, म्हणून सांगते. निदान मी करत नाही. कमी निघालं तर डॉक्टरांना विचारूनच गोळ्या घ्या, मनाने नको. तोवर जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय असेल तर तासभर पुढे ढकला. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आणि चढताना छातीत दाटणं, चक्कर, घरात हृदयविकाराचा इतिहास, यातलं काही असेल तर जोराचा सराव सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या.

वयाचं म्हणाल तर, सर्वोच्च दमसास वयाबरोबर उतरतो हे खरंच आहे. पण हा उतार ज्यांनी आपल्या क्षमतेच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलंय त्यांना जास्त जाणवतो. तुम्ही दोन वर्षांत, तेही उलट्या पद्धतीने सराव करून, २४ ची १९ मिनिटं केलीत. पाचवा हिस्सा वेळ कमी! टोक अजून लांब आहे.

काकांची जिम: लावली तर चांगलंच, पण त्यासाठी वेगळी फी भरायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वीस मिनिटं घरीच. खुर्चीवर बसता बसता उठायचं, हातात सामानाची पिशवी धरून. जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढ-उतार. पाठीवर झोपून एक पाय टेकवून कंबर वर उचलणं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन कंबर न वाकवता, नितंब मागे नेऊन उचलणं. चाळिशीनंतर हे हाडांसाठीही करायलाच हवं. याने घाटातला वेळ फार घटेल असं नाही, पण तासभर चढताना कंबर आणि खांदे दगा देणार नाहीत. गुडघा दुखला तर थांबा.

आता गटाबद्दल, कारण मला वाटतं पत्राचं खरं कारण तेच आहे. "आल्या मॅडम, चला." या तीन शब्दांत काय होतंय बघा. पहिला पोचलेला सात मिनिटं विसावला, दुसरा सहा. तुम्ही पोचलात आणि सगळे निघाले, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ चढलेल्या माणसाला सगळ्यात कमी विश्रांती, शून्य मिनिटं. हा दुष्टपणा नाही, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. सांगून टाका: "मी आले की पाच मिनिटं थांबायचं, मला पाणी प्यायचंय." लाजू नका, शाळेत चाळीस पोरं गप्प करता तुम्ही. किंवा दुसरा उपाय: पायथ्याशी तुम्ही आणि दुसऱ्या ताई सहा-सात मिनिटं आधी निघा. मग वर सगळे जवळजवळ एकदमच पोचाल. जुन्या गटांत ही पद्धत असते आणि त्यात कुणाचा मान कमी होत नाही. त्या दुसऱ्या ताईंना घाटात काय वाटतं, हे कधी विचारलंत का? पत्रात त्यांच्याबद्दल एक ओळही नाही.

पसरणीला नाही म्हणू नका. फक्त गटाशी दोन गोष्टी आधी ठरवा. वाईतून उजाडता उजाडता निघायचं, कारण शनिवार-रविवारी दिवस चढला की पर्यटकांच्या गाड्या आणि एसट्या यांनी वळणं भरून जातात. आणि घाटात गटाने नाही, आपापल्या चालीने चढायचं, पाचगणीत भेटायचं. चढताना पाच-सात मिनिटांनी एकदा दहा-पंधरा फेऱ्या उभं राहून चालवा, म्हणजे कमरेला मोकळीक मिळते. उभं राहण्याआधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय रिकामा खाली जातो. पाचगणीपासून महाबळेश्वरपर्यंतचा रस्ता कमी उभा आहे, पण दमलेल्या पायांनी तिथे घाई करू नका.

उतरणीचा सराव तुळजापुरातच करून ठेवा. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. दोन्ही ब्रेक सोडत-दाबत वापरायचे, सतत धरून ठेवायचे नाहीत. नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर. ब्रेक पॅड नोव्हेंबरात नवे घाला. भिशीतला पहिला खर्च हाच होऊ द्या.

रक्ताचा रिपोर्ट आला की कळवा. आणि सीट आज संध्याकाळीच बघा.